एकाच बाकावरची दोन मते

निवडणुका जाहीर झाल्या की आमच्या वसईत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुंबईहून आलेला वार्ताहर तो विचारतो, उमेदवाराचा कार्यकर्ता विचारतो आणि नाक्यावर चहा पिणारा शेजारीही विचारतो : ‘यंदा ख्रिस्ती मतं कुणाकडे?’

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही असतेच असे नाही. अमुक समाजाची मते इतकी, तमुक समाजाची तितकी, असा हिशेब मांडूनच आपल्याकडे निवडणुका लढवल्या जातात. मग आम्ही तरी त्यातून कसे सुटणार? २०११ च्या जनगणनेनुसार देशात ख्रिस्ती सुमारे २ कोटी ७८ लाख, म्हणजे शंभरात सव्वादोन-अडीच माणसे. महाराष्ट्रात जेमतेम १०.८ लाख, शंभरात एकही पुरा नाही. पण वसईसारख्या टापूत हीच संख्या कुणाला तरी पाडू शकते, कुणाला तरी निवडून आणू शकते. म्हणून हा प्रश्न.

हयात मास्तरकीत गेल्यामुळे प्रश्न नीट मांडला आहे की नाही, हे तपासण्याची मला खोड आहे. ‘ख्रिस्ती मतं कुणाकडे’ या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली, श्रद्धा एक म्हणून मतही एकच असणार. दुसरी, ते मत कुणीतरी वरून ठरवून देत असणार. फादरांनी प्रवचनात इशारा करायचा आणि आम्ही माना डोलवायच्या! ज्याने आमच्या एखाद्या गावातली एक तरी निवडणूक जवळून पाहिली आहे, त्याला हे ऐकून हसू येईल. आमच्या वाड्यांतून सरपंचपदासाठी सख्ख्या भावांनी एकमेकांविरुद्ध अर्ज भरले आहेत.

आमच्यात फूट पडते, यात नवल नाही. फूट पडल्यावर आम्ही काय करतो, श्रद्धा तिथे काही कामाला येते की ती रविवारच्या तासाभरापुरतीच उरते, हा खरा प्रश्न आहे.

ख्रिस्ती धर्माच्या अगदी मुळापाशीच ही फूट बसलेली आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. येशूने निवडलेल्या बारा जणांची नावे शुभवर्तमानात दिली आहेत. त्यांत एक मत्तय, जकातदार. पॅलेस्टाईन तेव्हा रोमन साम्राज्याच्या टाचेखाली होते आणि परक्या सत्तेच्या व्यवस्थेत जकात गोळा करणारा माणूस म्हणजे लोकांच्या लेखी गद्दार. त्याच यादीत दुसरे नाव आहे शिमोनाचे. त्याला ‘जिलोत’ म्हटले आहे. जिलोत म्हणजे कडवा अभिमानी. पुढे हेच नाव रोमनांविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या गटाला मिळाले. हा शिमोन त्या गटाचा होता की नुसताच कडवा होता, यावर पंडितांत वाद आहे. पण सरकारचा वसुलीवाला आणि देशधर्माचा कडवा अभिमानी ही दोन माणसे एकाच ताटातली भाकरी खात होती, एवढे निश्चित. त्यांचे आपसात काय बोलणे होई, ते शुभवर्तमानात कुठेच नाही. त्यांच्या गुरूने दोघांना एका मताचे केले, असेही नाही. त्याने त्यांना एका पंक्तीला बसवले, इतकेच.

ही पंगत आमच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. दोनशे वर्षे राज्य केलेले पोर्तुगीज गेले. पण इथल्या वाड्यांतली ख्रिस्ती माणसे गेली नाहीत. ती केळी लावत राहिली, रहाट हाकत राहिली आणि मराठीच्या आपापल्या बोलीत प्रार्थना म्हणत राहिली. त्यांची श्रद्धा पोर्तुगिजांबरोबर आली खरी, पण त्यांच्याबरोबर गेली नाही. धर्म आणि राजसत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या पूर्वजांनी कुठल्याही पुस्तकात न वाचता जगून दाखवले.

दीडशे वर्षांनंतरचे दुसरे चित्र पाहा. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला. त्या वर्षी मुंबई आणि साष्टीच्या भूमिपुत्र ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन आपली संस्था काढली. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, ईस्ट इंडिया कंपनीचे आपण सर्वांत जुने प्रजाजन, हे सरकारला कळावे हा त्यामागचा हेतू. नोकऱ्यांचा प्रश्न होता आणि राजनिष्ठा हा त्यावरचा उपाय वाटत होता. आज त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पोटाचा प्रश्न असलेल्या माणसाला ते तितके सोपे नव्हते.

आणि याच समाजातून आले जोसेफ बाप्टिस्टा. १८६४ साली माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेले, केंब्रिजला कायदा शिकलेले, सर्वांचे ‘काका’. हा कॅथलिक माणूस लोकमान्य टिळकांचा वकील आणि जिवाभावाचा सहकारी झाला. १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष बाप्टिस्टा होते. लीगची बाजू मांडायला ते १९१७ मध्ये इंग्लंडला गेले. १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. लोकमान्य सनातनी ब्राह्मण, काका मिस्साला जाणारे कॅथलिक. एकाने दुसऱ्याचा धर्म पातळ करायला सांगितले नाही. राजनिष्ठेचा अर्ज लिहिणारे आणि राजद्रोहाच्या आरोपीचे वकीलपत्र घेणारे एकाच समाजाचे, कदाचित एकाच चर्चमध्ये गुडघे टेकणारे. मग त्या काळी ‘ख्रिस्ती मत’ कुणाकडे होते म्हणायचे?

लंडनच्या गोलमेज परिषदेत हा पेच अधिक उघडपणे समोर आला. भारतीय ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत का, असा सवाल होता. १९३० च्या पहिल्या परिषदेत के. टी. पॉल यांनी, तर १९३१ च्या दुसऱ्या परिषदेत एस. के. दत्ता यांनी स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला. दोघेही वायएमसीएच्या कामातून पुढे आलेले, प्रॉटेस्टंट. त्यांचे म्हणणे असे की, ख्रिस्ती माणसाने फक्त ख्रिस्ती माणसाला मत द्यायचे ठरले, तर तो आपल्याच देशात भिंत बांधून राहील. त्याच दुसऱ्या परिषदेत मद्रासकडचे कॅथलिक नेते ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी उलट बाजू घेतली आणि इतर अल्पसंख्य प्रतिनिधींबरोबर स्वतंत्र मतदारसंघ मागणाऱ्या करारावर सही केली. लहान समाजाचा माणूस खुल्या मतदारसंघातून निवडून येणारच नाही, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती. एकाच परिषदेत एकाच ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारी दोन शहाणी माणसे दोन टोकांना बसली होती. पुढे १९३५ च्या कायद्याने मद्रास, मुंबई, बंगालसारख्या प्रांतांत भारतीय ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ दिलेही.

स्वातंत्र्यानंतर घटना समितीत हा विषय पुन्हा आला, तेव्हा चित्र पालटले होते. फाळणीची जखम ताजी होती. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्षही तेच. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळात राखीव जागा नकोत, या बाजूने ते ठाम उभे राहिले. मद्रासच्या लोयोला कॉलेजमध्ये प्राचार्यपद भूषवलेले जेझुइट धर्मगुरू जेरोम डिसूझा हेही समितीचे सभासद होते. त्यांनीही या निर्णयाला साथ दिली. मे १९४९ मध्ये सरदार पटेलांनी मांडलेला हा निर्णय सभागृहाने मान्य केला. हातात असलेले राजकीय संरक्षण आम्ही सोडून दिले.

याच्या काही महिने आधी, ६ डिसेंबर १९४८ रोजी, धर्मस्वातंत्र्याच्या कलमातील ‘प्रचार’ या शब्दावर वादळी चर्चा झाली होती. हा शब्द काढून टाकावा, असे काही सभासदांना वाटत होते. तो राहावा म्हणून उभे राहिलेल्यांत लक्ष्मीकांत मैत्र आणि टी. टी. कृष्णमाचारी होते, दोघेही हिंदू. आपण कितीतरी वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण धर्म बदला असे कुणी आपल्याला सांगितले नाही, ही साक्ष कृष्णमाचारींनी सभागृहात दिली. तो शब्द आज घटनेच्या २५ व्या कलमात आहे. एका बाजूने विश्वास टाकला गेला, दुसऱ्या बाजूनेही टाकला गेला. ‘एकगठ्ठा मते’ हा शब्द ऐकला की मला हे दोन प्रसंग आठवतात. आमचा गठ्ठा आम्हीच सोडला होता, समजूनउमजून.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी जाहीर झाली, तेव्हा ती हिंदूंपुरतीच ठेवली गेली. १९५६ मध्ये तिच्यात शीख दलितांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. नगर जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या ज्या महार-मांग कुटुंबांनी पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांची गावकुसाबाहेरची जागा काही बाप्तिस्म्याच्या पाण्याने बदलली नाही. अनेक ठिकाणी तर चर्चमध्ये आणि दफनभूमीतही जात त्यांच्या मागे आली. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. सांगायचा मुद्दा असा की, १९४९ मध्ये संरक्षण सोडण्याचे औदार्य ज्यांना परवडत होते त्यांनी ते दाखवले. त्याच सुमारास ज्यांच्या तोंडचा घास गेला, त्यांना कुणी विचारले नव्हते. म्हणून वसईचा बागायतदार ख्रिस्ती आणि जालन्याचा शेतमजूर ख्रिस्ती वेगवेगळी मते देतात, तेव्हा त्यात श्रद्धेची कमतरता शोधू नये. त्यांची आयुष्ये वेगळी आहेत. त्यांनी एकच मत द्यावे असा आग्रह धरणे म्हणजे बहुतेक वेळा दुबळ्याने बळकटाचे मत द्यावे, असा आग्रह धरणे.

महाराष्ट्राच्या शेजारच्या गोव्याने तर हे नाटक साऱ्या देशासमोर करून दाखवले. १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळा केंद्रशासित प्रदेश राहायचे? विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. वरवर पाहता फळी सरळ होती : भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षामागे मुख्यतः हिंदू बहुजन, डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्समागे मुख्यतः ख्रिस्ती. प्रचारात कडवटपणा शिगेला पोचला होता. निकाल लागला : वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते. फरक ३४,०२१.

हा आकडा नीट पाहिला तर धर्माचा हिशेब तिथेच कोलमडतो. ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आत होती. म्हणजे दोन पाने जिंकली ती हजारो हिंदूंच्या मतांवर. विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार प्रचार करणारे दैनिक ‘राष्ट्रमत’ चक्क मराठी होते आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे त्यातले सदर घरोघर वाचले जाई. याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच विधानसभेची निवडणूक झाली आणि गोव्याच्या मतदारांनी पुन्हा बांदोडकरांनाच सत्तेवर बसवले. विलीनीकरण नको, पण राज्यकारभाराला हाच माणूस हवा! एका माणसाच्या पोटात एकाच वेळी दोन मते राहू शकतात, मग एका समाजाच्या पोटात का राहू नयेत?

इथवर वाचून कुणी म्हणेल, तुम्ही अल्पसंख्य म्हणून तुम्हाला शहाणपण सुचते. जिथे सगळेच ख्रिस्ती आहेत तिथे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भयंकर आहे. आफ्रिकेतला रवांडा हा बहुसंख्य ख्रिस्ती देश. हुतू आणि तुत्सी, दोन्ही गट एकच भाषा बोलणारे, बहुतेक एकाच चर्चचे. एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत तिथे आठ लाखांच्या आसपास माणसे कापली गेली. बहुतेक तुत्सी; शिवाय या कत्तलीला विरोध करणारे हुतू. न्यामाता, न्तारामा इथल्या चर्चमध्ये जीव वाचवायला धावलेल्यांना चर्चमध्येच मारले. आज त्या वास्तू स्मारके म्हणून जपल्या आहेत. मारणाऱ्यांत आदल्या रविवारी त्यांच्याबरोबर प्रार्थना केलेले शेजारी होते. काही धर्मगुरूही या गुन्ह्यात सामील होते. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी याबद्दल देवाची क्षमा मागितली. एकाच बाकावर बसणे पुरेसे नसते, हे रवांडाने शिकवले. बाकावर बसताना माणूस आपला गट बाहेर ठेवून येतो, की गटालाच देव मानून आत आणतो, यावर सारे अवलंबून आहे.

आणि उलट बाजूने, एकोपा हीच सर्वांत मोठी गोष्ट मानली तरी घात होतो. १९३३ नंतर जर्मनीत ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्यांनी प्रॉटेस्टंट चर्च हिटलरच्या दावणीला बांधायला घेतले. ज्यू वंशाच्या धर्मोपदेशकांना चर्चमधून काढा, असा आग्रह धरला. तेव्हा ‘भांडण नको, चर्च एक राहू द्या’ म्हणणारे पुष्कळ होते. पण काहींनी ते ऐकले नाही. मे १९३४ मध्ये बार्मेन गावी जमून त्यांनी जाहीर केले की, चर्चचा स्वामी ख्रिस्त आहे, कुठलाही नेता नव्हे. त्यांतून ‘कन्फेसिंग चर्च’ उभे राहिले. त्यातला एक तरुण धर्मपंडित डीट्रिख बॉनहोफर हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला महिना उरला असताना, फासावर गेला. तेव्हा श्रद्धा म्हणजे नेहमी मधोमध उभे राहणे नव्हे. शेजाऱ्याला माणसातून उठवले जात असेल, तर मधली जागा रिकामीच करावी लागते.

आता पुन्हा आमच्या वाडीत येतो; मोठ्या गोष्टी लहान जागेतच पारखून घ्याव्या लागतात.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांसाठी खुला होऊ लागला. टँकरने विहिरींचे पाणी शहराकडे जाऊ लागले. तेव्हा ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. तिच्या अग्रभागी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. पुढे, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे हेच. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. झगा घातलेला माणूस मोर्चात पाहून काहींना अवघडल्यासारखे झाले. धर्मगुरूने देवळात राहावे, असे म्हणणारे आमच्यातही होते. कॅथलिक चर्चचा १९८३ चा कायदा धर्मगुरूला सरकारी सत्तापद घ्यायला मनाई करतो, पक्षीय राजकारणापासूनही त्याला साधारणपणे दूर ठेवतो. पण पाण्याचा, जमिनीचा, दहशतीचा प्रश्न हा पक्षाचा प्रश्न नसतो. त्या मोर्चांत हिंदू-ख्रिस्ती दोन्ही शेतकरी होते. विहीर आटते तेव्हा ती धर्म विचारत नाही.

अवघड काळ पुढे आला. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली आणि आजूबाजूची ५३ गावे तिच्यात घेतली गेली. गावे वगळा म्हणून आंदोलन पेटले, लाठ्या चालल्या, त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत त्याचा निकाल दिसला. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय झाला, तो न्यायालयात अडकला. या सगळ्यात गावे जितकी महापालिकेशी भांडली, त्याहून जास्त आपसात भांडली.

माझे दोन आतेभाऊ आहेत. थोरला आंदोलनात पुढे. त्याचे म्हणणे, महापालिका आली की घरपट्टी येईल, टॉवर येतील, बावखले बुजतील, वाडी जाईल. धाकटा तेव्हाच्या सत्ताधारी आघाडीचा कार्यकर्ता. त्याचे म्हणणे, ग्रामपंचायतीच्या पैशात ना गटार होते ना दवाखाना. पोरे शिकली आहेत, ती आता रहाट हाकणार नाहीत. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, म्हणूनच भांडण तुटेना. थोरल्याने भावाशी बोलणे टाकले. चर्चमध्ये दोघे लहानपणापासून एकाच बाकावर बसत. थोरला उठून दुसऱ्या बाजूच्या रांगेत जाऊन बसू लागला. सगळ्या गावाने ते पाहिले. आत्या तेव्हा हयात होती. ती काही बोलली नाही. मिस्सा संपल्यावर दोघांच्या मधल्या वाटेने एकटीच घरी जायची.

एका मे महिन्यात धाकट्याचा पंप जळला. केळी ऐन भरात, ऊन रणरणते, आणि मोटर भरून मिळायला आठवडा लागणार. दुसऱ्या दिवशी पहाटे थोरल्याच्या विहिरीवरून पाईप टाकलेला दिसला, बांधावरून थेट धाकट्याच्या पाटात. कुणी कुणाला विचारले नव्हते. आठवडाभर पाणी चालू राहिले आणि त्याच आठवड्यात थोरला संध्याकाळी धाकट्याच्या पक्षाविरुद्ध सभाही घेत राहिला. मी त्याला म्हटले, ‘भाऊ, हे काय?’ तो म्हणाला, ‘पाणी देईन, मत नाही देणार.’

मला वाटते, या विषयावर मी ऐकलेले हे सर्वांत चांगले प्रवचन. दोघांची मते आजही वेगळी आहेत. महापालिकेचा विषय ते एकमेकांसमोर काढत नाहीत. गळ्यात गळे घातल्याचे कुणी पाहिलेले नाही. पण केळी जगली.

आता काळ आणखी बदलला आहे. पूर्वी भांडायला नाक्यावर जावे लागे, समोरच्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. आता हातातल्या फोनवर, कुटुंबाच्याच ग्रुपवर, रात्री अकरा वाजता भांडता येते. देशात कुठे चर्चवर हल्ला झाला की ग्रुपवर भीती पसरते. त्या भीतीचे भांडवल करणाराही लगेच हजर होतो. तो म्हणतो, आता तरी एक व्हा, अमक्यालाच मत द्या, जो देणार नाही तो फितूर. दुसरा म्हणतो, गप्प बसा, सत्तेत असेल त्याला धरून राहा, संस्था वाचवा. भीती खरी असते, हे मी नाकारत नाही. पण या दोन्ही सल्ल्यांत ख्रिस्ती असे काय आहे, ते मला अजून सापडलेले नाही. पहिल्यात गटाचा अभिमान आहे, दुसऱ्यात व्यवहार. अन्यायाविरुद्ध बोलावे, तो आपल्यावर झालेला असो की शेजारच्या मोहल्ल्यावर किंवा आदिवासी पाड्यावर. आणि बोलून झाल्यावर विरुद्ध मत देणाऱ्याच्या वाडीला पाणी द्यावे. एवढे जमले तरी पुष्कळ.

मिस्सामध्ये एक छोटासा विधी असतो. प्रभूची प्रार्थना संपली की, ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी, धर्मगुरू एकमेकांना शांती द्यायला सांगतात. आपल्याकडे हात जोडून शेजाऱ्याकडे वळायचे. वेदीवर अर्पण आणताना भावाचे आपल्याशी बिनसले आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, अशी येशूची शिकवण या विधीमागे आहे. भावाचे मत पटवून घ्या, किंवा त्याला आपले पटवून द्या, अशी अट तीत नाही. हा विधी मिनिटभराचा, बहुतेक वेळा यांत्रिक. पण निवडणुकीच्या हंगामात तो बारकाईने पाहण्यासारखा असतो. काही जण नेमके पुढच्या बाकाकडे वळतात, काही मागच्या. मधे एखाद्याला टाळले जाते. बाजूला कोण उभे असेल, हे निवडण्याची सोय तिथे नाही. मतपत्रिकेवर ती आहे, आणि असावीही. दोन्ही ठिकाणी खरेपणाने वागणारा माणूस कुणाच्याही गठ्ठ्यात मावत नाही. आणि या देशाला अशा माणसांची गरज आहे, ती फक्त ख्रिस्ती समाजातच आहे असे नव्हे.